गोदूताई आणि शामराव परुळेकर : वारल्यांच्या मजुरीचा लढा आणि एक वेगळे कुटुंब

बडोद्याहून मुंबईला जाताना वापी मागे पडले की भिलाड, संजाण, उंबरगाव रोड, घोलवड, डहाणू रोड अशी स्टेशने खिडकीतून पळत जातात. घोलवड म्हटले की आपल्याला चिकू आठवतो. वारली म्हटले की गेरूच्या भिंतीवर पांढऱ्या रंगात काढलेली, हात धरून गोल नाचणारी माणसे आठवतात. जिव्या सोमा म्हशे यांनी ती चित्रे जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि आज आपल्यापैकी कितीतरी घरांत वारली चित्राची चादर, पर्स किंवा चहाचा कप असतो. गेल्या पिढीपर्यंत त्याच माणसांची स्थिती काय होती, ती कोणी आणि कशी बदलली, हे मात्र आपल्या मंडळात फारसे बोलले जात नाही. आम्हांलाही निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हाच हे नीट वाचता आले. गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक हाती आले आणि नोकरीची सवय म्हणून आम्ही पेन्सिल घेऊन त्यातले व्यवहार तपासत बसलो. हा लेख त्यातून झाला.

प्रथम 'लग्नगडी' म्हणजे काय ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे काहीच कळणार नाही.

डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांतले वारली मुळात जमीन आणि जंगल यांवर जगणारे. इंग्रजी अमलात जमिनीची कागदोपत्री मालकी आली, जंगल सरकारी झाले, आणि ज्यांना कागद वाचता येत होता त्यांच्या नावावर जमिनी गेल्या. पन्नास-साठ वर्षांत वारली आपल्याच शेतावर कूळ किंवा मजूर झाला. पावसाळ्यात घरातले दाणे संपले की जमीनदाराकडून खावटी आणायची आणि सुगीला दीडपट परत करायची. चार महिन्यांत दीडपट म्हणजे सालीना दीडशे टक्के व्याज, हे सभासदांपैकी जे बँकेत होते त्यांना सांगावे लागणार नाही. लग्न ठरले की रोख पैसा हवा. तो जमीनदाराकडूनच घ्यायचा. शे-दोनशे रुपयांसारखी रक्कम हातात यायची आणि त्या बदल्यात नवरा, आणि लग्न झाल्यावर बायकोसुद्धा, कर्ज फिटेपर्यंत त्या जमीनदाराच्या घरी राबायची. हा लग्नगडी. शिवाय वेठ वेगळीच. जमीनदाराने बोलावले की स्वतःचे शेत पडीक टाकून जायचे. सायमिंग्टन नावाच्या एका आय.सी.एस. अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारला या भागाचा अहवाल दिला. तो काही चळवळ्या नव्हता, सरकारचाच माणूस. त्याने लिहून ठेवले आहे की वेठीचा मोबदला फार तर रोजचा एक आणा, पुष्कळदा नुसता एका माणसाच्या एका जेवणापुरता तांदूळ, आणि येण्यास उशीर केला तर मार. बायकांच्या वाट्याला मारापेक्षा वाईट येत असे. गोदावरीबाईंनी ते स्पष्ट लिहिले आहे, ज्यांना वाचायचे त्यांनी पुस्तकातच वाचावे.

आता हिशेब. आमचा आहे, पुस्तकातला नाही. समजा एका माणसाने लग्नासाठी १०० रुपये घेतले. त्याची मजुरी रोज एक आणा, आणि जमीनदार अगदी सज्जन आहे, तो सगळी मजुरी कर्जात जमा धरतो. वर्षात ३०० दिवस काम धरले तर ३०० आणे, म्हणजे १८ रुपये १२ आणे. व्याज अजिबात नाही असे धरले तरी १०० रुपये फिटायला पाच वर्षे चार महिने लागतात. बारा टक्के व्याज लावले तर नऊ वर्षे. आणि चोवीस टक्के लावले? मग पहिल्या वर्षाचे व्याजच २४ रुपये होते आणि जमा १८ रुपये १२ आणे. म्हणजे मुद्दल कमी होण्याऐवजी वाढते. ते कर्ज त्या माणसाच्या हयातीत फिटणार नाही, त्याच्या मुलाच्याही नाही. आणि या सगळ्या काळात नवरा-बायकोने खायचे काय, हा प्रश्न आम्ही हिशेबात घेतलेलाच नाही. खाल्लेले त्यातून वजा केले की पाटी कोरी. शेठच्या चोपड्यात काय लिहिले आहे ते कर्जदाराला वाचता येत नाही, पासबुक नाही, बेबाकीचा दाखला नाही. तारण काय, तर कर्जदार स्वतः.

आम्ही ग्रामीण शाखेत असताना अत्यंत गरिबांसाठी चार टक्के दराची योजना राबवीत असू. १९७२ पासूनची ती योजना. आमचा समज असा होता की सावकारीचे मूळ व्याजाच्या दरात आहे, दर उतरवला की माणूस सुटेल. वरचा हिशेब मांडल्यावर आम्हांला प्रथम जाणवले की मूळ मजुरीच्या दरात आहे. मजुरी एक आण्याच्या जागी बारा आणे करून पाहा. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर एका महिन्यात १८ रुपये १२ आणे मिळतात, म्हणजे आधी जे वर्षात मिळत होते ते महिन्यात. शंभराचे कर्ज, चोवीस टक्के व्याज धरूनसुद्धा, पुरी मजुरी भरली तर सहा महिन्यांच्या आत फिटते. व्याजदराला हातही न लावता.

आणि नेमकी बारा आणे रोज ही मागणी १९४५ साली वारल्यांनी केली. ती त्यांच्या तोंडी कशी आली, ही गोष्ट परुळेकर पतिपत्नींची आहे.

गोदावरीबाई मूळच्या पुण्याच्या गोखल्यांच्या. जन्म १४ ऑगस्ट १९०७. वडील लक्ष्मणराव गोखले पुण्यातले नामांकित वकील, नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नात्यातले आणि त्यांच्याच नेमस्त विचारांचे. मुलगी फर्ग्युसनमध्ये शिकली, कायद्याची पदवी घेतली. महाराष्ट्रातील कायद्याच्या पहिल्या महिला पदवीधर म्हणून त्यांची नोंद होते. १९३२ साली सत्याग्रहात भाग घेतल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली. हे वडिलांना पटणारे नव्हते. सरकारविरुद्ध उघड उभे राहणे त्या घराच्या रीतीत बसत नव्हते. त्यांनी घर सोडले आणि मुंबईला आल्या. आज आपण मुलीने वेगळ्या गावी नोकरी धरली तर पेढे वाटतो. १९३० च्या दशकात सदाशिव-नारायण पेठेच्या पुण्यातून अविवाहित मुलीने असे निघणे म्हणजे काय होते, याची कल्पना मंडळातल्या ऐंशीच्या पुढच्या आजींना असेल.

मुंबईत त्या भारत सेवक समाजात, म्हणजे नामदार गोखल्यांनी १९०५ साली काढलेल्या संस्थेत, दाखल झाल्या. आजीव सभासद म्हणून घेतलेल्या त्या पहिल्या स्त्री. गंमत पाहा, ज्या विचारांचे घर सोडले त्याच विचारांच्या संस्थेत त्यांना प्रथम आसरा मिळाला. तिथे त्यांनी साक्षरतेचे वर्ग चालवले आणि १९३८-३९ च्या सुमारास घरकाम करणाऱ्या नोकरांना संघटित करण्याचा खटाटोप केला. घरगड्यांची संघटना ही कल्पना आजही आपल्याला अंमळ पचायला जड जाते.

शामराव परुळेकर त्याच संस्थेतले. ते मजूर चळवळीत आधीपासून होते. १९३८ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले होते. त्याच सुमारास ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात होते. कोकणातली खोती रद्द करावी म्हणून १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिलवर गेला, त्यात शामराव पुढे होते.

इथे थोडे घरचे बोलायला हवे. आपल्या मंडळातली निम्मी कुटुंबे कोकणातून देशावर, तिथून गायकवाडीत आलेली. 'आमची कोकणात इतकी जमीन होती, खोती होती, सगळी कुळकायद्यात गेली' हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकले आहे, आणि प्रत्येक वेळी हळहळीच्या सुरातच ऐकले आहे. आमच्या स्वतःच्या घरातही ते म्हटले जाई. ती जमीन कसणारा कोण होता आणि तो सुगीला किती घालत होता, हे मात्र घरात कोणी सांगितल्याचे आठवत नाही. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, कुळकायदा १९४८ चा. आमच्या आजोबांच्या पिढीने ज्या लोकांना मनातून शिव्या घातल्या, त्यांत शामराव परुळेकरांचे नाव असणारच. म्हणून हा लेख लिहिताना आम्ही अगदी त्रयस्थ आहोत असे म्हणता येणार नाही.

२४ मे १९३९ रोजी दोघांचे लग्न झाले. त्याच वर्षी दोघे कम्युनिस्ट पक्षात गेले. पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, युद्धविरोधी प्रचाराबद्दल अटक. १९४२ पर्यंत तुरुंग. म्हणजे नवविवाहितांचा पहिला संसार सरकारी खर्चाने, आणि तोही वेगवेगळ्या कोठड्यांत.

सुटून आल्यावर त्यांनी ठाणे जिल्ह्यातले शेतकरी गोळा करण्याचे काम हाती घेतले. ७ जानेवारी १९४५ रोजी टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेची स्थापना परिषद भरली. तिथे उंबरगाव तालुक्यातले थोडे वारली आले होते. हजारोंच्या सभेत मूठभर. पण त्यांनी आपल्याकडे काय चालते ते सांगितले, आणि परुळेकरांना तालुक्यात येण्याचे आवतण मिळाले.

गिरणीत संघटना बांधणे आणि रानात संघटना बांधणे यात फरक आहे, तो इथे कळतो. गिरणीत भोंगा वाजला की हजार माणसे एका दरवाजातून बाहेर पडतात, दरवाजाशी उभे राहून बोलता येते. वारली पाड्यावर राहतो. एका पाड्यात दहा-वीस झोपड्या, पुढचा पाडा डोंगरापलीकडे. मजुरीचा करार नाही, हजेरीपट नाही, पगाराचा दिवस नाही. मालक आणि सावकार एकच. त्याच्याविरुद्ध बोलले की काम जाते, खावटी बंद होते आणि झोपडीखालची जमीनही त्याचीच असते. अशा ठिकाणी पत्रके वाटून उपयोग नाही, वाचणार कोण? गोदावरीबाई पायी फिरल्या. रात्री पाड्यावर मुक्काम, झोपडीत जे शिजेल ते खायचे. त्यांची बोली शिकल्या. पहिले पुष्कळ दिवस नुसते ऐकण्यात गेले, कारण पांढरपेशा बाईसमोर वारली तोंडच उघडत नसे. पांढरे कपडे घातलेले जे कोणी आजवर आले ते काहीतरी न्यायलाच आले होते, असा त्याचा अनुभव. तो अनुभव चुकीचा नव्हता. 'गोदूताई' हे नाव त्या काळानंतरचे.

शामरावांचा स्वभाव वेगळा. ते आखणीचे, कागदाचे, कायद्याचे. मागणी नेमकी काय, किती आणे, कोणत्या तारखेपासून, बोलणी कोणाशी, हे ठरवणारा माणूस. १९४७ मध्ये त्यांनी या लढ्यावर इंग्रजीत छोटे पुस्तक लिहिले. आम्हांला वाटते, ही जोडी जमली ती यामुळे. एकाने ऐकायचे, दुसऱ्याने त्याची मागणी बनवायची.

२३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरी गावी वारल्यांची परिषद भरली. सुमारे पाच हजार माणसे आली. ठराव साधे होते. वेठ करायची नाही. लग्नगडी राहायचे नाही. मजुरी रोज बारा आणे मिळाल्याशिवाय दुसऱ्याच्या शेतावर जायचे नाही. सभा संपल्यावर जे झाले ते शहरातल्या संघटनेला जमले नसते. लोकांनी वाट पाहिली नाही. लाल बावटा घेऊन ते गटागटाने जमीनदारांच्या दारात गेले आणि तिथे राबणाऱ्या लग्नगड्यांना, बायकामुलांसह, सोबत घेऊन आले. कोर्ट नाही, अर्ज नाही. कायद्याच्या पदवीधर बाईंच्या चळवळीत कायद्याचा हा असा वापर, म्हणजे न केलेला वापर, आम्हांला विचार करायला लावतो. वेठबिगारी बंद करणारा कायदा देशात आला तो १९७६ साली, तीस वर्षे उलटल्यावर. आणि त्या कायद्याने कर्ज माफ होते, मजुरी आपोआप वाढत नाही.

खरी कसोटी लागली ती पावसाळ्यानंतर. ठाणे जिल्ह्यातले गवत त्या काळी मोठा व्यापार होता, मुंबईच्या म्हशींच्या तबेल्यांना ते लागे. दसऱ्याच्या सुमारास गवत कापणीला येते आणि वेळेवर कापले नाही तर वाया जाते. याच वेळी वारल्यांनी कापणी थांबवली. मागणी अशी की ५०० पौंड गवताला अडीच रुपये. पाचशे पौंड म्हणजे सव्वादोनशे किलोच्या आसपास. कापायचे, वाळवायचे, बांधायचे. मालकाला घाई असते आणि मजुराला नसते, असा वर्षातला तो एकच हंगाम. तो निवडण्यातच निम्मे शहाणपण होते.

मग तलवाड्याचा प्रकार घडला. १० ऑक्टोबर १९४५. गोदूताईंची सभा आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे, सर्वांनी लाठ्याकाठ्या घेऊन या, अशी हूल पाड्यापाड्यांवर उठवली गेली. सभा कोणी बोलावलेलीच नव्हती. हजारो वारली रात्रीतून जमले. पोलिसांना आधीच सांगून ठेवलेले की आदिवासी दंगा करायला जमत आहेत. गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण ठार झाले. जमलेली माणसे पळाली नाहीत, कारण आपल्या बाईला वाचवायला आलो आहोत, अशी त्यांची समजूत होती. त्या वेळी गोदावरीबाई तिथे नव्हत्याच.

आपल्या नावावर, आपण न बोलावलेल्या सभेत पाच माणसे मेली, हे ज्याच्या वाट्याला येते त्याने पुढे काय करावे? काही माणसे तिथे थांबली असती. परुळेकरांनी संप चालू ठेवला, आणि गवताचा दर मालकांना द्यावा लागला.

पुढच्या वर्षी, १९४६ मध्ये, तीच रीत जंगलाच्या कामात. लाकूडतोडीला रोज सव्वा रुपया मिळावा, ही मागणी. महिनाभराहून अधिक काळ कोयते-कुऱ्हाडी थांबल्या. नोव्हेंबरात लाकूड व्यापाऱ्यांनी सव्वा रुपया मान्य केला. एक आण्यापासून सव्वा रुपयापर्यंत, म्हणजे वीसपट, दीड वर्षात. आमच्या बँकेतल्या कुठल्याही वेतनकराराने असे केलेले नाही, आणि आम्ही संघटनेचे सभासद असताना तीन द्विपक्षीय करार पाहिले.

नेमक्या त्याच महिन्यात सरकारने परुळेकरांना जिल्ह्यातून हद्दपार केले. तेव्हा मुंबईत बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ होते, गृहखाते मोरारजी देसाईंकडे. खेर म्हणजे आदिवासींविषयी मनापासून कळवळा असलेले गृहस्थ. डहाणूच्या आदिवासींसाठी १९४० साली त्यांनीच आदिवासी सेवा मंडळ काढले होते. आणि त्यांच्याच कारकिर्दीत, ७ जानेवारी १९४७ रोजी, नानिवली येथे पुन्हा गोळीबार होऊन आदिवासी मारले गेले. इथे खेरांना खलनायक ठरवावे असे आम्हांला वाटत नाही. आदिवासीला शाळा द्यावी, औषध द्यावे, दारू सोडवावी, हे त्यांना हवे होते. आदिवासीने स्वतः उठून मजुरीचा दर सांगावा, हे त्यांच्या चित्रात नव्हते. याच भागात, १९४५ सालीच, ताराबाई मोडक बोर्डीला बालशिक्षणाचे काम घेऊन आल्या, पाठोपाठ अनुताई वाघ. ताराबाई भावनगरला गिजुभाईंबरोबर काम केलेल्या, म्हणून आपल्याकडे त्यांची ओळख अधिक. बोर्डी-कोसबाडचे काम थोर आहेच. पण ज्या घरातली आईबाप रोज एक आण्यावर राबतात त्या घरातले मूल अंगणवाडीत येते कसे, हा प्रश्न ताराबाईंनाही पडला होता. म्हणूनच त्या शाळाच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. पोट भरल्याशिवाय पाटी हातात राहत नाही, ही एकाच तालुक्यातली दोन कामे एकमेकींना पूरकच होती. त्या काळी मात्र दोन्हीकडचे लोक परस्परांकडे संशयाने पाहत.

स्वातंत्र्यानंतर तरी स्वस्थता यावी. तसे झाले नाही. १९४८ मध्ये पक्षावर सरकारचा रोष झाला, पुन्हा भूमिगत राहणे आणि तुरुंग. १९५४ च्या दादरा-नगर हवेली मुक्तीत परुळेकरांनी आणि त्यांच्या वारली कार्यकर्त्यांनी नगर हवेलीची बरीच गावे पोर्तुगीजांपासून सोडवली. आपल्याकडे या प्रकरणात सुधीर फडक्यांचे नाव निघते, ते योग्यच. पण वारल्यांचे नाव निघत नाही. १९५७ साली शामराव संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले. १९६० साली राज्ये वेगळी झाली तेव्हा उंबरगाव तालुका दुभंगला. उंबरगाव आणि भोवतालची गावे गुजरातेत आली, तलासरीकडची महाराष्ट्रात राहिली. ज्या वारल्यांनी एकत्र बावटा धरला होता त्यांच्या मुलांना एकीकडे गुजराती शाळा, दुसरीकडे मराठी. घरात मात्र दोन्हीकडे वारलीच. सीमाभागातल्या आपल्या बांधवांना हे दुःख ओळखीचे वाटेल.

१९६१ साली परुळेकरांनी तलासरीला आदिवासी प्रगती मंडळ काढले आणि शाळा, वसतिगृहाचे काम सुरू केले. मग १९६२ चे चीन युद्ध आले आणि दोघे स्थानबद्ध झाले. सुटले, पुन्हा १९६४ मध्ये धरले गेले. ३ ऑगस्ट १९६५ रोजी आर्थर रोड तुरुंगात शामरावांचे निधन झाले. गोदावरीबाई तेव्हा स्थानबद्धच होत्या. त्यांची सुटका १९६६ मध्ये झाली.

लग्नापासून त्या दिवसापर्यंत सव्वीस वर्षे. त्यांतली सलग किती वर्षे हे दोघे एका छपराखाली राहिले असतील, याची बेरीज आम्ही मांडून पाहिली आणि सोडून दिली. त्यांच्या तुरुंगातल्या आठवणींच्या पुस्तकाचे नावच 'बंदिवासाची आठ वर्षे' असे आहे. फंड नाही, पेन्शन नाही, घराच्या नावाने एक खोली धरून ठेवावी असा ठिकाणा नाही. आमच्या पिढीने नोकरी करून घर बांधले, मुले शिकवली, त्याची आम्हांला खंत नाही. पण बँकेच्या भाषेत सांगायचे तर, या जोडप्याच्या खात्यावर जमेच्या बाजूला काहीच लिहिलेले दिसत नाही. जे जमा झाले ते दुसऱ्यांच्या खात्यांवर.

त्यांचे कुटुंब कोण, असे विचारले तर उत्तर तलासरीत मिळते. मतभेद असणारे पुष्कळ आहेत, आम्हीही काही त्या पक्षाचे नाही. रशियाचे काय झाले, बंगालचे काय झाले, यावर आमचे मंडळातल्या मित्रांशी वाद होतात. परंतु एका वारल्याला, लहानू कोम यांना, डहाणूतून १९७७ साली लोकसभेत पाठवण्याइतकी ती चळवळ टिकली, आणि त्या मुलखातला आदिवासी मतदार आजही त्या झेंड्याला ओळखतो, एवढे नाकारता येत नाही. पतीच्या मागे एकतीस वर्षे गोदावरीबाई तेच काम करीत राहिल्या. १९७० मध्ये पुस्तक आले, १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९८६ मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या स्त्री. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्या गेल्या. तलासरीच्या महाविद्यालयाला दोघांचे नाव आहे. सोलापुरात विडी वळणाऱ्या बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, तिला गोदूताईंचे नाव दिले. पुण्यातले आपले घर सोडून निघालेल्या मुलीच्या नावाने दहा हजार घरे, हे आम्हांला फार बरे वाटले.

पुस्तक वाचताना एक सूचना. ते एका बाजूने लिहिलेले आहे आणि तसे ते लपवतही नाही. जमीनदारांतही बरेवाईट असतील, काही पुढे बदललेही असतील. त्यांची बाजू हवी असेल तर सायमिंग्टनसारख्या सरकारी माणसाचे म्हणणे सोबत वाचावे. त्याने काही त्यांची बाजू सावरलेली नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवतो. तरुण सभासदांना मराठी वाचायला अवघड जात असेल तर इंग्रजी अनुवादही झालेला आहे.

मूळ पुस्तक मंडळाच्या ग्रंथालयात, आत्मचरित्रांच्या कपाटात दुसऱ्या फळीवर ठेवले आहे. प्रत एकच आहे आणि बांधणी सैल झाली आहे, तेव्हा नेणाऱ्याने पंधरा दिवसांत परत आणावी. समासात पेन्सिलीने केलेल्या बेरजा आमच्या आहेत. त्या खोडायचे राहून गेले, चूक सापडली तर जरूर कळवावे.